लाइव्ह टूलचं टर्निंग सेंटर घेताना: ड्रॉइंगपासून रन-ऑफपर्यंत

लाइव्ह टूलचं मशीन म्हणजे जॉब (घडवायचा भाग) फिरवून कापणाऱ्या सीएनसी लेथवरच फिरतं ड्रिल, टॅप, कटर चालवता येणारं टर्निंग सेंटर. ते विकायला आलेला माणूस एक वाक्य हमखास बोलतो: "साहेब, जॉब एकाच मशीनवर पूर्ण." ते खोटं नसतं. पण जॉब एका मशीनवर पूर्ण झाला म्हणजे महिन्याचं शेड्यूल पूर्ण झालंच असं नाही. भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत फिरा. मेन स्पिंडल (जॉब धरून फिरवणारा दांडा) थांबवून तासन्‌तास ड्रिलिंग-टॅपिंग (भोकं आणि त्यात आटे पाडणं) करणारी महागडी टर्निंग सेंटर दिसतील, आणि शेजारीच एखादं व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) रिकामं उभं असेल. हे टाळायचं तर निवडीचा क्रम उलटा करावा लागतो. कोटेशन शेवटी, ड्रॉइंग आधी.

पहिली पायरी: जॉब काढा, वेळ मांडा

पुढची दोन-तीन वर्षं नक्की राहतील असे चार-पाच जॉब निवडा. एकाच गिऱ्हाइकाच्या एकाच जॉबवर मशीन ठरवू नका. ते ड्रॉइंग बंद पडलं तर मशीनही बसून राहतं. प्रत्येक जॉबसाठी कागदावर लिहा: मटेरियल, सर्वांत मोठा व्यास, लांबी, चकमध्ये कुठे धरणार, कोणती भोकं फेसवर (सपाट तोंडावर), कोणती बाजूने, कोणता टॅप सर्वांत मोठा, आणि कोणत्या मापाचं कशाशी नातं आहे.

हिशेबासाठी एक नेहमीचा जॉब घेऊ. ईएन ८ (मध्यम कार्बनचं पोलाद) ची फ्लँज बॉडी, बाहेरचा व्यास ९० मिमी, मधे ४० चा बोअर (आतलं भोक), फेसवर ७० पीसीडीवर (भोकांची केंद्रं येतात त्या वर्तुळाचा व्यास) चार एम ८ टॅप आणि बाजूने एक एम १२ टॅप. आज हा जॉब तीन ठिकाणी होतो असं धरा. पहिली बाजू साध्या सीएनसी लेथवर १२० सेकंद, दुसरी बाजू तशाच लेथवर १०० सेकंद, आणि भोकं-टॅप व्हीएमसीवर ११० सेकंद. तिन्ही वेळांमध्ये लोडिंग-अनलोडिंग धरलेलं आहे. लाइव्ह टूलवर भोकांचं काम ९५ सेकंदांत होईल, कारण वेगळं लोडिंग उरत नाही.

महिन्याचे २५ दिवस, दोन शिफ्ट, शिफ्टला साडेसात तास आणि ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर हातात ११,४७,५०० सेकंद येतात. आता तीन शक्यता बघा.

सगळा जॉब एकट्या लाइव्ह टूल मशीनवर, दोन सेटिंगमध्ये: १२० अधिक १०० अधिक ९५, म्हणजे ३१५ सेकंद. महिन्याला सुमारे ३,६४० नग.

पहिली बाजू जुन्या लेथवर, दुसरी बाजू आणि भोकं लाइव्ह टूलवर: लाइव्ह मशीनवर १९५ सेकंद. सुमारे ५,८८० नग.

तीन साधी मशीन ओळीने: सर्वांत हळू टप्पा १२० सेकंदांचा. सुमारे ९,५६० नग.

शेड्यूल ४,५०० चं असेल तर दुसरा मार्ग चोख बसतो. एक ऑपरेटर कमी लागतो, मधला माल साचत नाही, व्हीएमसी दुसऱ्या कामाला मोकळं होतं. पण शेड्यूल ९,००० वर गेलं तर तीन साधी मशीन जे करतात त्यासाठी लेथसोबत दोन लाइव्ह मशीन लागतील. म्हणून माझं मत सरळ आहे. लाइव्ह टूल हे मध्यम संख्येच्या, अनेक व्हेरिएंटच्या, भोकांचं टर्निंगशी घट्ट नातं असलेल्या जॉबचं मशीन आहे. संख्या खूप मोठी आणि भोकं साधी असतील तर साधा लेथ आणि शेजारी ड्रिल-टॅप सेंटर ही जोडी त्याला हरवते. सायकलमधला लाइव्ह टूलचा वाटा निम्म्याच्या वर जायला लागला की थांबून पुन्हा विचार करा. तेवढा वेळ तुमचा मेन स्पिंडल नुसता इंडेक्सिंग टेबल म्हणून उभा असतो.

आपल्या उदाहरणात हा वाटा १९५ पैकी ९५ सेकंद आहे, अगदी काठावर. मग निर्णय कशावर करायचा? ड्रॉइंगवरच्या नात्यावर. बोअरशी एम ८ च्या भोकांची पोझिशन ०.१ मध्ये मागितली असेल, किंवा एम १२ चा कोन फेसवरच्या भोकांशी बांधलेला असेल, तर व्हीएमसीवर बोअर लोकेटरवर (जॉब जागेवर धरणाऱ्या पिनवर) बसवताना ठेवलेली फट थेट त्या टॉलरन्समधून (मापात चालणाऱ्या फरकातून) खाल्ली जाते. बोअर फिरवला त्याच चकमध्ये भोकं पाडली तर ती फट उरतच नाही. रिजेक्शन आणि तपासणीत वाचणारा पैसा इथून येतो, सायकल टाइममधून फारसा नाही.

दुसरी पायरी: कोणते अक्ष खरंच लागतात

सी अक्ष म्हणजे मेन स्पिंडलला कोनात नेऊन धरता येणं आणि हळूहळू फिरवत कापता येणं. लाइव्ह टूल घेतलं की हा आलाच. लोक इथे अचूकतेच्या आकड्याला भुलतात. ०.०१ अंशाची चूक ३५ मिमी त्रिज्येवर जेमतेम ६ मायक्रॉन होते. पीसीडीच्या भोकांना ती पुष्कळ झाली. विचारायचं ते ब्रेकबद्दल. ड्रिलिंग करताना स्पिंडल पकडून ठेवायला हायड्रॉलिक ब्रेक आहे का, आणि कीवे (चावी बसवायची लांब खाच) मिलिंगच्या धक्क्यात तो सरकतो का? ब्रेक लटका असेल तर एंड मिल वाजते आणि कीवेच्या भिंतीवर लाटा उमटतात.

वाय अक्ष म्हणजे टूल केंद्ररेषेपासून बाजूला नेता येणं. त्याचा प्रश्न ड्रॉइंग बघूनच सुटतो. आडवं भोक केंद्ररेषेतून जात असेल तर वाय लागत नाही. ते केंद्रापासून १० मिमी सरकलेलं असेल तर वायशिवाय मार्ग नाही. फेसवरचा षटकोन किंवा खाच एक्स (व्यासाच्या दिशेचा अक्ष) आणि सी मिळून पोलर इंटरपोलेशनने काढता येते, त्यालाही वाय नको. कीवे मात्र फसवा असतो. वाय नसेल तर कीवेची रुंदी कटरच्या व्यासाइतकीच येते; कटर झिजला की रुंदी गेली. वाय असेल तर लहान कटरने दोन्ही भिंती वेगवेगळ्या फिनिश करता येतात आणि झीज ऑफसेटमध्ये (कंट्रोलरमधल्या मापाच्या दुरुस्तीत) भरून काढता येते. टॉलरन्सचे कीवे रोज करत असाल तर वायचे पैसे वसूल होतात. अनेक मशीनमध्ये वायची हालचाल दोन तिरकस स्लाइड एकत्र चालवून मिळवलेली असते. त्यात दोष काही नाही, पण बाजूने दाब देणारं मिलिंग असेल तर त्या कामाचा डेमो बघितल्याशिवाय होकार देऊ नका.

सब-स्पिंडलबद्दल, म्हणजे जॉब समोरून पकडून दुसरी बाजू पुढे करणाऱ्या दुसऱ्या स्पिंडलबद्दल, एक गोष्ट विक्रेते आपणहून सांगत नाहीत. टरेट (टूल बसवलेली फिरती चकती) एकच असेल तर तो एका वेळी एकाच स्पिंडलवर कापतो. सब-स्पिंडल आल्याने माणसाचा हात वाचतो, जॉब उलटवताना होणारी चूक वाचते, बार फीडर (बार आपोआप पुढे सरकवणारं उपकरण) लावून माणसाशिवाय मशीन चालवता येतं. पण दोन्ही बाजूंचं काम एकाच वेळी चालत नाही. त्यासाठी दुसरा टरेट लागतो आणि किंमत वेगळ्याच घरात जाते. ९० मिमीच्या फोर्ज्ड किंवा कापलेल्या ब्लँकवर मी सब-स्पिंडल घेणार नाही. ५० मिमीच्या आतल्या बारवर नक्की विचार करेन. ३२ मिमीच्या आत, बारीक आणि लांब जॉब असेल तर हे मशीनच बाजूला ठेवा आणि स्लायडिंग हेडकडे (बारीक लांब जॉबच्या खास लेथकडे) बघा.

षटकोनी फिटिंगवाल्यांसाठी एक बाजूची सूचना. बारवर षटकोन काढायचा म्हणून सहा बाजू एंड मिलने फिरवत बसू नका. पॉलिगॉन टर्निंग, म्हणजे स्पिंडल आणि कटर ठरावीक प्रमाणात एकत्र फिरवून सपाट बाजू काढणं, हे काम काही सेकंदांत उरकतं. बाजू अगदी किंचित फुगीर येतात, पण पाना लावायच्या षटकोनाला ते चालतं. फानुक कंट्रोलरवर हे फंक्शन जी ५१.२ मध्ये असतं, पण ते मशीनमध्ये चालू आहे का हे विचारावं लागतं.

तिसरी पायरी: टॉर्क, नुसते आरपीएम नव्हे

ब्रोशरवर लाइव्ह टूलचे आरपीएम मोठ्या अक्षरात आणि टॉर्क बारीक अक्षरात असतो. दोन्ही आपल्या जॉबवर लावून बघा.

एम ८ साठी ६.८ मिमी कार्बाइड ड्रिल, ८० मीटर प्रति मिनिट वेगाने: सुमारे ३,७५० आरपीएम. एम १२ साठी १०.२ मिमी: सुमारे २,५०० आरपीएम. म्हणजे ४,००० आरपीएमचं लाइव्ह टूल पुरतं, ६,००० साठी जास्तीचे पैसे देण्याचं कारण नाही. हाच जॉब ३ मिमीच्या ऑइल होलचा असता, तर ७० मीटरलाही ७,४०० च्या वर आरपीएम लागले असते आणि गणित बदललं असतं.

आता टॅपिंग. टॅपला लागणारा टॉर्क न्यूटन मीटरमध्ये काढायचा सोपा हिशेब असा: पिचचा (दोन आट्यांमधल्या अंतराचा) वर्ग, गुणिले टॅपचा व्यास, गुणिले पोलादासाठी साधारण २,५००, भागिले ८,०००. एम १२ ची पिच १.७५, म्हणजे उत्तर सुमारे ११.५ येतं. हे नव्या टॅपचं. झिजलेला टॅप दुप्पट मागू शकतो, म्हणजे २३ धरा.

मोटर ३.७ किलोवॅटची आणि तिचा बेस स्पीड (पूर्ण पॉवर मिळायला लागते तो वेग) १,५०० आरपीएम असेल, तर ९,५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम या सूत्राने टॉर्क २३.५ येतो. काठावर सुटलो. पण ३.७ हा आकडा बहुतेक वेळा थोड्या वेळासाठीच्या रेटिंगचा असतो. सततचं रेटिंग २.२ किलोवॅट असेल तर टॉर्क १४ वर येतो. टॅपिंग काही सेकंदांचं असल्याने एम १२ चालून जाईल. रोजच्या रोज एम १६ करायचा विचार असेल तर सोडून द्या, तिथे नवा टॅपच २० मागतो. म्हणून विक्रेत्याकडून टॉर्कचा पूर्ण ग्राफ घ्या आणि त्यावर सततची आणि थोड्या वेळाची अशा दोन्ही रेषा आहेत का ते बघा. ग्राफ द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

चौथी पायरी: टरेट आणि होल्डर

होल्डर बसवण्याच्या दोन पद्धती सर्रास दिसतात. व्हीडीआयमध्ये गोल दांडा एका बोल्टने आत ओढला जातो, बदलायला झटपट. बीएमटीमध्ये होल्डर टरेटच्या सपाट तोंडावर की आणि चार बोल्टने बसतो. बदलायला वेळ लागतो, पण पकड जास्त कडक. दिवसाला दोन-तीन सेटिंग बदलणाऱ्या जॉबवर्कवाल्याला व्हीडीआय ३० किंवा ४० सोयीचं. एकच जॉब आठवडाभर चालवणाऱ्याने, विशेषतः मिलिंग असेल तर, बीएमटी ५५ किंवा ६५ घ्यावं. एका शेडमध्ये दोन्ही प्रकार आले की होल्डर इकडचे तिकडे चालत नाहीत, म्हणून आधीपासून एक असेल तर त्यालाच धरून राहणं शहाणपणाचं. नुसतं बीएमटी ५५ म्हणूनही भागत नाही. आतल्या कपलिंगची रचना मशीनगणिक बदलते, तेव्हा होल्डर मागवताना मशीनचं मॉडेल सांगून मागवा.

बीएमटी टरेटवर सरळ होल्डर आडव्या भोकाला लागतो आणि फेसवरच्या भोकाला काटकोनी. काटकोनीत बेव्हल गिअर असतात. ते तापतात, आवाज करतात, आधी जातात. आपल्या जॉबमध्ये फेसवर चार भोकं आहेत, म्हणजे जास्त मार काटकोनी होल्डरला. सुटा काटकोनी होल्डर किती दिवसांत मिळतो हे आजच विचारून ठेवा.

आता स्टेशन मोजा. टर्निंगला बाहेरचा रफ, बाहेरचा फिनिश, यू-ड्रिल (इन्सर्टचं ड्रिल), बोअर रफ, बोअर फिनिश, ग्रूव्ह: सहा. फेसवर ड्रिल, चॅम्फर, टॅप: तीन. बाजूने तेच पुन्हा तीन. बारा स्टेशनचा टरेट पूर्ण भरला, जोडीचा (राखीव) टूल ठेवायला जागा नाही. पहिली आणि दुसरी बाजू वेगळी केली तर टर्निंगचे एक-दोन कमी होतात, आणि ड्रिल-चॅम्फर एकत्र करणारं स्टेप ड्रिल करून घेतलं तर आणखी दोन वाचतात. ते ड्रिल महाग वाटलं तरी घ्या. दोन होल्डर आणि दोन इंडेक्सिंग वाचतात. सगळ्या स्टेशनवर लाइव्ह टूल चालतं की ठरावीकच, हेही इथेच विचारायचं.

कोलेट कोणतं बसतं ते बघा: ईआर २० मध्ये १३ मिमीपर्यंत, ईआर २५ मध्ये १६, ईआर ३२ मध्ये २० पर्यंत शँक धरता येते. आतून कुलंट देणारे होल्डर खोल भोकांना छान, पण त्यातले बरेचसे कोरडे चालवले तर सील जळतं. ऑपरेटरला हे पहिल्या दिवशी सांगितलं पाहिजे.

पाचवी पायरी: जागेचं गणित

सर्वांत जास्त पश्चात्ताप या पायरीवर होतो, आणि ब्रोशरमध्ये ती शेवटच्या पानावर असते. "कमाल टर्निंग व्यास" हा आकडा साध्या टूलसाठी असतो. सरळ लाइव्ह होल्डर आणि त्यात ड्रिल लावलं की टरेट जॉबपासून बराच मागे जावा लागतो. ९० मिमीच्या जॉबची त्रिज्या ४५, वर ५ मिमी मोकळीक, ड्रिलची बाहेर आलेली लांबी समजा ६०, आणि होल्डरची उंची समजा ७०. बेरीज १८०. एक्स अक्ष मागे नेल्यावर स्पिंडलच्या केंद्रापासून टरेटच्या तोंडापर्यंत एवढं अंतर मिळतं का? नाही मिळालं तर ड्रिल आखूड, होल्डर छोटा, किंवा मशीन मोठं.

मग शेजारच्या स्टेशनकडे बघा. फेसवर ड्रिल चालू असताना शेजारचा बोरिंग बार चकच्या जबड्याला लागतो का? विक्रेत्याकडून इंटरफेरन्स ड्रॉइंग मागा आणि त्यावर आपला चक, आपले जबडे, आपला जॉब खऱ्या मापात काढा. आठ इंची चक आणि ए २-६ नोज (स्पिंडलच्या तोंडाचं प्रमाण माप) असलेल्या मशीनवर ९० मिमीचा जॉब आरामात बसतो. पण उंच जबडे लागले तर झेडमधली (लांबीच्या दिशेची) जागा संपते.

सहावी पायरी: कंट्रोलर आणि बाकीचं

फानुक, सीमेन्स, मित्सुबिशी, कोणताही चालेल. तुमच्या सेटरला (मशीनची सेटिंग करणाऱ्याला) जो येतो तो घ्या. मात्र फंक्शनची यादी कोटेशनमध्ये लिहून मागा: पोलर इंटरपोलेशन, सिलिंड्रिकल इंटरपोलेशन (गोल पृष्ठभागावर आकार काढणं), मेन आणि लाइव्ह दोन्ही स्पिंडलवर रिजिड टॅपिंग (स्पिंडलची फिरत आणि टॅपची सरक जुळवून टॅपिंग), मॅक्रो, टूल लाइफ. फानुकवरच्या जी १२.१ आणि जी ७.१ ला सीमेन्सवर ट्रान्समिट आणि ट्रॅसिल म्हणतात. सी अक्ष चालू-बंद करण्याचे आणि ब्रेकचे एम कोड मेकरप्रमाणे बदलतात, तेव्हा एका मशीनचा प्रोग्राम दुसऱ्यावर उचलून टाकायचा विचार नको.

वीजभार, स्टॅबिलायझर, हवेचा दाब, पाया ही यादी मेकर देतोच. महावितरणचा मंजूर भार वाढवायचा असेल तर मशीनच्या ऑर्डरसोबतच अर्ज टाका.

पैशांचं थोडक्यात. जीएसटी १८ टक्के, त्याचं क्रेडिट मिळतं, पण ती रक्कम आधी उभी करावी लागते. आयकरात घसारा १५ टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्माच. आयात मशीनवर ईपीसीजी (निर्यातीच्या अटीवर भांडवली यंत्रं आणण्याच्या) योजनेत सीमाशुल्क वाचतं, पण वाचलेल्या शुल्काच्या सहापट निर्यात सहा वर्षांत दाखवावी लागते. देशातल्याच कंपन्यांना माल देणाऱ्या जॉबवर्कवाल्याने त्या वाटेला जाण्याआधी आपल्या सीएशी बसावं. आणि होल्डर, कोलेट, जबडे, पहिल्या सेटचं टूलिंग हे मशीनच्याच कर्जात बसवून घ्या. नंतर खेळत्या भांडवलातून ते घ्यायला गेलं की चार होल्डरवरच गाडी अडते आणि बारा स्टेशनचं मशीन अर्ध्या टरेटवर चालतं.

सातवी पायरी: रन-ऑफ

बेंगळुरूच्या इमटेक्स प्रदर्शनात मशीन बघायला जरूर जा. एकाच दिवसात ऐस, ज्योती, एलएमडब्ल्यू, माझाक, डीएमजी मोरी यांची मशीन शेजारी शेजारी बघता येतात. पण प्रदर्शनातला जॉब मेकरने निवडलेला असतो. तुमचा निर्णय तुमच्याच जॉबवर व्हायला हवा. ब्लँक तुम्ही पाठवा, टाइम स्टडी लेखी घ्या, आणि डिस्पॅचआधी मेकरच्या कारखान्यात सलग ५० नग काढून घ्या. हेच रन-ऑफ. मशीन थंड असताना सुरू करा आणि मधे कोणालाही ऑफसेट देऊ देऊ नका. पहिल्या आणि पन्नासाव्या नगातला फरक म्हणजे मशीन तापल्यावर किती सरकतं त्याचा आकडा.

महत्त्वाच्या मापांचा सीपीके (मापं टॉलरन्सच्या आत किती भरवशाने राहतात त्याचा आकडा) १.६७ च्या वर मागा. वाहन उद्योगातल्या पीपीएपीला (भाग पुरवण्याआधीच्या मंजुरीला) हीच अपेक्षा असते, १.३३ ते १.६७ मध्ये आला तर गिऱ्हाइकाशी बोलावं लागतं. भोकांची पोझिशन सीएमएमवर (तिन्ही दिशांनी मापणाऱ्या यंत्रावर) मोजा. लाइव्ह होल्डरमध्ये टेस्ट बार लावून रन-आउट (फिरताना किती डगमगतं ते) स्वतःच्या डायलने बघा. एक होल्डर तासभर जास्त आरपीएमवर फिरवा आणि हात लावून बघा. काटकोनी होल्डर हात न ठेवण्याइतका तापला तर कारण विचारा. जॉबमध्ये कीवे असेल तर ब्रेकची परीक्षा त्यावरच घ्या.

हे सगळं पर्चेस ऑर्डरमध्ये लिहिलेलं हवं: टाइम स्टडीतला सायकल टाइम, सीपीके, फंक्शनची यादी, होल्डरची संख्या. शेवटच्या हप्त्याचा काही भाग तुमच्या शेडमध्ये पुन्हा रन-ऑफ झाल्यावरच देण्याची अट घाला. प्रशिक्षणासाठी ऑपरेटरसोबत सेटरलाही पाठवा.

सर्व्हिसचं उत्तर विक्रेत्याकडून घेऊ नका. तेच मशीन चालवणाऱ्या, तुमच्या एमआयडीसीतल्या दोन शेडमध्ये जा आणि तीन गोष्टी विचारा. टरेटला धडक बसल्यावर अलाइनमेंटला इंजिनिअर किती दिवसांत आला? लाइव्ह टूलची मोटर किंवा बेल्ट बदलायला मशीन किती दिवस बंद राहिलं? आणि पुन्हा घ्यायचं झालं तर हेच घ्याल का? तिसऱ्या प्रश्नावर मालकापेक्षा सेटर काय म्हणतो ते लिहून घ्या.